मांडणी तीच, देव वेगळा
‘विधी आणि माणूस’ : भाग ७

मागच्या भागात व्रत आणि तोडगा यांतला फरक पाहिला. त्यावर मेळघाटातल्या आमच्या धारणीतल्याच एका वाचकाने रस्त्यात गाठून विचारलं, “गुरुजी, पण कोणी तोच विधी करून त्याचा अर्थच बदलून टाकला, तर त्याले काय म्हणाचं?” प्रश्न नेमका होता. उत्तर चहाच्या टपरीवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे देतो.

सुरुवात एका ओसरीपासून करू. धारणीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून बरंच आत एक कोरकू आदिवासींचं गाव. श्रावणातला पाऊस. घरातलं तान्हं पोर दोन दिवसांपासून अंगावर पीत नव्हतं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडियार बसला होता. पुढ्यात सूप, सुपात ज्वारीचे दाणे, बाजूला निखाऱ्यावर धूप. चिमटीत येतील तेवढे दाणे उचलायचे, सुपाच्या कडेला त्यांच्या जोड्या लावायच्या आणि शेवटी एकटा दाणा उरतो की जोडी जुळते ते पाहायचं. पुन्हा चिमूट, पुन्हा जोड्या. हे मी पूर्वीही पाहिलं होतं. नवीन होतं ते सुपाखाली. तिथे पोराचं लसीकरणाचं कार्ड ठेवलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं.

मी विचारलं, हे कशाला? तो हसला. “देव बी वाचते ना आता.” मग जरा थांबून म्हणाला, “पोट्टं दवाखान्यातच जाईन. आशाताई आली हाय, गाडी बी येऊन राह्यली. पन त्याच्या मायले रस्त्यात भेव नाई लागलं पाह्यजे, म्हून हे.”

इथे एक खुलासा करायला हवा. सरकारी कागदात आणि वर्तमानपत्रात मेळघाटातल्या अशा प्रत्येक माणसाला ‘भूमका’ म्हणायची रीत पडली आहे. कोरकूंच्या जुन्या व्यवस्थेत हे दोन वेगळे मानकरी. भूमका हा गावाचा पुजारी. त्याचं काम बहुधा घराण्यात चालतं, गावदेवाची पूजा त्याच्याकडे. पडियार म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो. आजार कशाने आला, कोणता देव रुसला, हे तो सांगतो. माझ्यासमोर बसलेला पडियार होता. आरोग्य खात्याने या मंडळींना हाताशी धरून रुग्ण दवाखान्यात आणण्यासाठी मानधनही देऊ केलं आहे. त्या यादीत अर्थातच सगळे भूमकाच.

पडियाराने त्या दिवशी काय केलं? सूप तेच, दाणे तेच, धूप तोच. एरवी दाण्यांना विचारतात, ‘कोणामुळे झालं?’ आणि त्यांच्या उत्तरातून कोंबडं, नारळ, नवस असं पुढचं काम ठरतं. त्या दिवशी दाण्यांकडून त्याला निदान नकोच होतं. ते त्याने दवाखान्यावर सोपवलं होतं. त्याला हवा होता घरच्यांचा धीर. विधीचा सांगाडा तसाच ठेवून त्याने त्याला दुसऱ्या कामाला लावलं. कोणाला विचारलं नाही, कोणत्या पोथीचा आधार शोधला नाही.

विधी तोच ठेवून अर्थ बदलणारा आणखी एक माणूस पाहायला आता घाट उतरून परतवाड्याच्या पुढे, चांदूर बाजार तालुक्यात येऊ. तिथलं माधान हे संत गुलाबराव महाराजांचं गाव. जन्म ६ जुलै १८८१, वऱ्हाडातल्या मोहोड या कुणबी घराण्यात. वय नऊ महिन्यांच्या आसपास असताना दृष्टी गेली. पुढचं सगळं शिक्षण कानांवरचं. लोकांकडून ग्रंथ वाचून घ्यायचे आणि स्वतःचे सांगून लिहवून घ्यायचे. असे शंभरावर लहानमोठे ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. वेदान्त, आयुर्वेद, संगीत हे विषय त्यांत आहेतच, डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचा समाचारही आहे. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात देह ठेवला, तेव्हा वय अवघं चौतीस.

१९०१ साली आपल्याला ज्ञानेश्वर महाराजांनी मांडीवर घेऊन मंत्र दिला, असं ते सांगत. तिथून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. मुलगा नव्हे, कन्या. आणि बापाने मुलीचं लग्न लावून द्यावं तसं ज्ञानेश्वरांनी आपल्याला श्रीकृष्णाला दिलं, हा त्यांचा भाव. हा भाव नुसता अभंगापुरता राहिला नाही. लग्न झालेला, संसार असलेला हा पुरुष कपाळी कुंकू लावू लागला, गळ्यात मंगळसूत्र घालू लागला. त्या काळच्या वऱ्हाडात हे सहज पचलं असेल असं समजू नका. आजही पचणार नाही.

याच भावातून त्यांनी कात्यायनी व्रत घेतलं, आणि आजच्या विषयाला नेमकं तेच हवं आहे. हे व्रत भागवताच्या दशम स्कंधात, बाविसाव्या अध्यायात आलं आहे. हेमंत ऋतूचा पहिला महिना, म्हणजे मार्गशीर्ष. गोकुळातल्या कुमारिका पहाटे यमुनेवर जातात, आंघोळ करतात, काठच्या वाळूची देवी करतात, गंध, फुलं, धूप, दीप, कोवळी पानं, फळं, तांदूळ वाहतात. महिनाभर हविष्यान्न खायचं. मागणं एकच : नंदाचा मुलगा आमचा नवरा होवो. आपल्या बायाबापड्यांना हे मुळीच परकं वाटणार नाही. हरतालिकेला वाळूची पिंड करून रात्र जागवणाऱ्या मुली याच जातकुळीचं व्रत करतात. चांगला नवरा मिळावा म्हणून कुमारिकेने करायचं व्रत, इतका साधा त्याचा मूळ अर्थ.

महाराजांनी यात काय बदललं? वाळू नाही, महिना नाही, देवीही नाही. बदलला तो व्रत करणारा. जिथे कुमारिका बसायची तिथे ते बसले. आणि एकदा करणारा बदलला की फळाचा अर्थ आपोआप फिरतो. गोपी नवरा मिळावा म्हणून व्रत करतात. ज्ञानेश्वरकन्येला तो बापाने आधीच दिलेला आहे. मग व्रत कशासाठी?

यामागे त्यांचं ‘मधुराद्वैत’ आहे. अद्वैत सांगतं, दुसरं कोणी नाहीच. मग प्रेम कोणी कोणावर करायचं? मधुराभक्ती सांगते, तू आणि मी हवेतच, नाहीतर लाजणं, रुसणं, वाट पाहणं कुठून येणार? या दोघांचं पटत नाही म्हणून बहुतेक जण एक बाजू धरतात. महाराजांनी दोन्ही धरल्या. माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो : घराचं दार उघडंच आहे हे ठाऊक असलेला माणूसही आत शिरताना कडी वाजवतो. कोणी दार उघडावं म्हणून नव्हे, आपण आल्याचं आतल्याला कळावं म्हणून. एकपण कळल्यावरही प्रेमापुरतं दोनपण ठेवायचं. कात्यायनी व्रत ही त्यांची कडी वाजवण्याची रीत होती. त्यांच्या संप्रदायात हे व्रत पुढेही चालत आलं आहे.

ही गोष्ट मला फार धाडसाची वाटते. त्यांनी मुळाला धक्का लावला नाही, म्हणून कर्मठांना बोट ठेवायला जागा मिळेना. आणि तरी जे झालं ते मुळात कधीच नव्हतं.

गंमत अशी की त्याच १९०१ साली एक इंग्रज तरुण श्रीलंकेत कँडी इथे आपल्या मित्राकडे, ॲलन बेनेटकडे, योग शिकत होता. त्याचं नाव ॲलिस्टर क्रौली. गूढविद्येच्या युरोपीय इतिहासात बदनाम आणि तितकाच वाचला गेलेला माणूस. १८८८ साली लंडनमध्ये ‘गोल्डन डॉन’ नावाची एक गुप्त मंडळी निघाली होती. दीक्षा, वर्तुळं आखणं, दिशांना देवदूत उभे करणं असा सगळा सोहळा तिच्यात चाले. क्रौली त्याच आखाड्यात तयार झालेला.

त्याच्या हाती एक जुना विधी लागला. मूळ ग्रीक भाषेतला, पपायरसवर लिहिलेला, इजिप्तमधला, इसवी सनाच्या चौथ्या शतकातला. चार्ल्स गुडविन या इंग्रज अभ्यासकाने १८५२ मध्ये तो छापून काढला होता. विधी कशाचा? झाडायचा. माणसाला धरलेली बाधा काढायची. कृती मोठी चित्रमय आहे : कोऱ्या पपायरसवर मंत्र लिहायचा, तो कपाळावर एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत ताणून धरायचा आणि उत्तरेकडे तोंड करून नावं म्हणायची. ज्याला हाक मारायची तो देव बिनडोक्याचा, म्हणजे खरोखर शिर नसलेला. मधूनमधून अशा शब्दांच्या माळा, ज्यांचा अर्थ कोणत्याच भाषेत लागत नाही. आपल्याकडच्या शाबरी मंत्रांत असे शब्द भेटतात, तसेच.

१९२१ साली सिसिलीतल्या चेफालू गावी क्रौलीने हा विधी नव्याने लिहिला आणि त्याला ‘लिबर समेख’ असं नाव दिलं. बाधा काढण्याचा विधी त्याने स्वतःच्या रक्षक देवदूताला बोलावण्याचा विधी केला. रोग्याची जागा साधकाने घेतली. जे हाकलण्यासाठी होतं ते आवाहनासाठी झालं. इथवर तो आपल्या माधानच्या महाराजांच्या शेजारी बसू शकतो.

पण फरक पाहा. क्रौलीने त्या बिनअर्थाच्या शब्दांपैकी एकेकाला अर्थ चिकटवला, अक्षरांची फोड केली, वर भलंमोठं भाष्य लिहिलं. मला इथे तो फसल्यासारखा वाटतो. त्या शब्दांचं बळच हे होतं की म्हणणाऱ्याला ते कळत नव्हते. दळण दळताना जात्याचा घरघर आवाज असतो, तसे ते होते. आवाजाला अर्थ दिला आणि जातं थांबलं. महाराजांनी उलट केलं. शब्द तसेच राहू दिले आणि म्हणणारा बदलला.

याच्या दुसऱ्या टोकाला महात्मा फुले. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. माळा होत्या, पुढे मंगलाष्टकंही नवी रचली गेली. भट मात्र उठवला. तिथे हेतू गूढ नव्हता, सामाजिक होता, म्हणून त्यावर इथे थांबत नाही. एवढंच नोंदवतो की फुल्यांनी विधी मोडला नाही. त्यांना ठाऊक होतं की लग्नाला आलेल्या लोकांना अक्षता टाकायला काहीतरी लागतं.

आता पुन्हा घाट चढू, कारण या प्रकरणाची एक बाजू गुळगुळीत नाही. मेळघाटात ‘डंबा’ म्हणून एक प्रकार आहे. तान्ह्याचं पोट फुगलं की तापवलेलं लोखंड पोटावर टेकवायचं. शाळेत नाव घालायला येणाऱ्या कित्येक पोरांच्या बेंबीभोवती मी त्या पांढरट, वाटाण्याएवढ्या डागांच्या रांगा पाहिल्या आहेत. डागानंतर जखम चिघळून पोरं दगावल्याचीही उदाहरणं आहेत. अशा प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर आधी वटहुकूम आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा आला. डंबा देणाऱ्यांवर आता गुन्हे दाखल होतात. व्हायलाच हवेत.

कोणी म्हणेल, डंबा हीसुद्धा परंपराच. मग त्यातही कोणी आपलं तत्त्वज्ञान घालून नवा अर्थ लावला तर? माझं उत्तर सरळ आहे. गुलाबराव महाराजांनी कुंकू स्वतःच्या कपाळाला लावलं. क्रौलीने मंत्र स्वतःसाठी फिरवला, त्याचं बरंवाईट त्याने भोगलं. त्या पडियाराने दाणे मांडले, पण पोराच्या अंगाला हात लावला नाही. तान्ह्याच्या पोटावर कोणाचंच तत्त्वज्ञान तापवून टेकवायचं नसतं.

ते पोर चार दिवसांनी दवाखान्यातून घरी आलं. पडियाराने पुन्हा धूप घातला, या वेळी दाणे मांडले नाहीत. ते कार्ड आता आढ्याला लटकवलेल्या पिशवीत असतं, आणि पुढच्या लशीच्या दिवशी आशाताईंच्या आधी तोच घरी आठवण करून देतो, असं पोराच्या आजीने मला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात कोरकूंच्या सिडोलीबद्दल लिहीन : मेलेल्याला पूर्वजांत सामावून घेण्याचा विधी, आणि त्यासाठी उभारायचा कोरीव लाकडी मुंडा, ज्यावर सूर्य-चंद्र कोरलेले असतात. तोवर एक विनंती. गावाबाहेर जुना मुंडा दिसला तर मोबाइल काढण्याआधी तो कोणाच्या घरचा आहे ते विचारा, आणि त्या घरच्यांनी होकार दिला तरच फोटो काढा.