फाल्गुनातला पाला, आषाढातले खत

फाल्गुन-चैत्रात महाड-पोलादपूर भागात फिरले की दोन प्रकारचे धूर दिसतात. एक डोंगरउतारावरच्या शेतातला, राबाचा. दुसरा गावातला. बाग, शाळेचे आवार, कचेरीचे अंगण झाडून जमलेला पाला कोपऱ्यात लोटून पेटवलेला असतो. राबाला काही कारण तरी आहे. भाताचे रोप जिथे करायचे त्या तुकड्यावर शेण, टहाळ, पाला आणि गवत पसरून भाजले की तणाचे बी मरते आणि राखेतून पालाश मिळते. नत्र मात्र धुराबरोबर निघून जाते. बागेतल्या आगीला अडगळ नको यापलीकडे कारण सापडत नाही. गावाच्या ओल्या कचऱ्याचा प्रश्न बऱ्याच अंशी याच आगीपाशी अडतो, असे आम्हाला वाटते. तो कसा, ते पाहू या.

भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेला भात यांचे खत करतात ते जिवाणू आणि बुरशी. त्यांना कर्ब लागतो ऊर्जेसाठी आणि नत्र लागते शरीर बांधण्यासाठी. एक भाग नत्रामागे सुमारे ३० भाग कर्ब असला की त्यांचे काम जोरात चालते. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात हे प्रमाण साधारण १५ ते २० असते, म्हणजे नत्र जास्त. जास्तीचे नत्र अमोनियाच्या रूपाने उडते आणि नाकाला कळते. सुक्या पाल्यात प्रमाण ५० ते ६० च्या घरात, कधी त्याहूनही जास्त असते. त्यामुळे नुसत्या पाल्याचा ढीग वर्षभर तसाच पडून राहतो.

आता थोडे गणित करू. हे आठवी-नववीच्या वर्गाकडून करून घेण्याजोगे आहे. १ किलो ओल्या कचऱ्यात सुमारे ७५० ग्रॅम पाणी धरा. उरलेल्या २५० ग्रॅममध्ये कर्ब सुमारे ११२ ग्रॅम आणि नत्र साडेसहा ग्रॅम. १ किलो सुक्या पाल्यात पाणी १०० ग्रॅम, कर्ब सुमारे ४०० ग्रॅम आणि नत्र पावणेसात ग्रॅम. दोन्ही मिसळून ३० चे प्रमाण यायचे, तर १ किलो कचऱ्याला साधारण ४०० ग्रॅम पाला लागतो. या मिश्रणातले पाणी मोजले तर ते ५५ ते ५६ टक्के भरते. खताच्या ढिगाला नेमका ५० ते ६० टक्के ओलावा मानवतो! एकाच मापाने दोन्ही हिशेब जुळतात. स्वयंपाकघर आणि बाग एकमेकांना पुरक आहेत ते असे. सार्वजनिक बाग ही खत करण्याची योग्य जागा ठरते, कारण जड ओला कचरा घराघरांतून थोडा थोडा येतो आणि भरपूर जागा खाणारा पाला तिथे आधीच असतो.

या भागात अडचण आणतो तो पाऊस. महाड आणि पोलादपूरला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. १ मीटर लांब-रुंद उघड्या ढिगावर या चार महिन्यांत ३,००० लिटर पाणी पडते. ते ढिगातल्या पोकळ्या भरून टाकते. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगाने तो पाण्यातून पसरतो. म्हणजे भिजलेला ढीग आतून गुदमरतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात, सडक्या अंड्यासारखी घाण सुटते, मिथेन निर्माण होतो. उरलेले पाणी विद्राव्य नत्र आणि पालाश धुऊन नेते. ‘खताने वास येतो’ अशी तक्रार येते ती बहुधा अशा ढिगाची. तो वास खताचा नव्हे, गुदमरलेल्या ढिगाचा.

ही अडचण जुन्या जाणकारांना ठाऊक होती. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या संस्थेत बसवलेली पद्धत १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आली. कोरड्या दिवसांत खड्डा आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग, असा भेद तीत होता. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांचे नाडेप टाके विटांमध्ये भोके ठेवून हवा खेळवते. पण ते एक-दोन दिवसांत भरून लिंपून टाकायचे असते. रोज येणाऱ्या घरगुती कचऱ्याला ते तसेच्या तसे सोयीचे नाही. भोकांची कल्पना मात्र जरूर घ्यावी.

म्हणजे इथे हवे काय? पावसाच्या झडीपासून वाचवणारे, बाजूंनी उघडे छप्पर, जमिनीपासून वीतभर उंच जोते, आणि विटांचे किंवा बांबूच्या कामट्यांचे मीटरभर लांब-रुंद-उंच असे तीन कप्पे. एक भरत असतो, दुसरा मुरत असतो, तिसरा उपसायचा असतो. याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. या सगळ्यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे कोरडा पाला. तो झडतो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि त्याची खरी गरज असते जूननंतर. २० कुटुंबे रोज अर्धा-अर्धा किलो ओला कचरा देतात असे धरा. रोजचा १० किलो कचरा, त्याला ४ किलो पाला. पावसाळ्याच्या १२० दिवसांसाठी ४८० किलो पाला झाला. चेपून भरलेल्या मोठ्या पोत्यात ८-१० किलो मावतो असे धरले तर सुमारे ५० पोती. ही पोती मे अखेरपर्यंत कोरड्या जागी रचलेली नसतील, तर आषाढात कोणी कितीही मेहनत घेतली तरी ढीग बिघडणारच. सागाची पाने तेवढी चुरून भरावीत. आख्खी पाने थरावर थर बसून पत्र्यासारखी होतात आणि हवा अडवतात.

जागा निवडताना पुराची रेषा पाहावी. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाड शहरात कोठवर चढले होते, ते गावातल्या कोणालाही विचारता येईल. जोते त्याच्या वर हवे. तसेच ढिगातून झिरपणारे तपकिरी पाणी तळ्यात किंवा विहिरीत जाता कामा नये. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. चवदार तळ्याच्या काठी म्हणूनच असा ढीग कधीही घालू नये. ज्या पाण्यावरच्या हक्कासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह झाला, त्यात कचऱ्याचा निचरा पोचणे कोणालाच रुचणार नाही.

कोकणातल्या पावसात हे जमते का, अशी शंका कोणी काढली तर वेंगुर्ल्याकडे बोट दाखवावे. तिथल्या नगरपरिषदेने गेल्या दशकात घरातच कचरा वेगळा करून घेण्याची शिस्त लावली आणि कचरा टाकण्याच्या जागेचे लोकांनी पाहायला यावे असे उद्यान केले. बागेतला पाला शक्यतो बागेतच जिरवावा, हे तर केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांतही सांगितले होते. झाडूवाल्यांच्या हातातली काडेपेटी मात्र नियमाने सुटत नाही. पोती, छप्पर आणि कोणीतरी रोज ढीग पाहणारा माणूस द्यावा लागतो.

तो माणूस शाळेतून मिळू शकतो. ढीग रचल्यावर एक लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून ठेवावी आणि रोज सकाळी काढून हात लावून पाहावी. नीट जमलेला ढीग दोन-तीन दिवसांत ५० ते ६० अंशांवर जातो आणि सळई हातात धरवत नाही. बरीचशी तणाची बीजे आणि रोगजंतू या उष्णतेतच मरतात. मिश्रण मुठीत दाबले की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला वाढवून ढीग उलटवावा. मासळीची खवले-काटे टाकायचे तर ढिगाच्या मध्यात, वर वीतभर पाला घालून, नाहीतर रात्री कुत्री ढीग उकरतील. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी बाजूला काढाव्यात. ज्येष्ठात रचलेला ढीग साधारण आश्विनात काळा, भुसभुशीत आणि पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचा झाला की मुलांनी दोन कुंड्या घ्याव्यात. एकीत नुसती माती, दुसरीत एक भाग खत आणि तीन भाग माती. दोन्हींत मेथीचे मोजून पन्नास दाणे पेरावेत आणि आठवड्याने रोपे मोजावीत. खताच्या कुंडीत कमी उगवली, तर खत अजून कच्चे आहे. त्याला आणखी महिनाभर मुरू द्यावे.