‘स्नायू’ हा शब्द आणि पोटरीतील प्रेरक एकके

जयपूरच्या जवाहर नगरात राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाने पोटरी दुखावल्यावर हिंदीत ‘स्नायू दुखावला’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याचा गैरसमज होण्याचा संभव आहे. मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारे मांस. हिंदीत त्यास ‘मांसपेशी’ म्हणतात. ‘स्नायु’ हा शब्द तेथे रूढ वापरात मज्जातंतूसाठी, तर शास्त्रीय परिभाषेत अस्थिबंधासाठी येतो. बंगालीतही स्नायु म्हणजे मज्जातंतूच. सुश्रुतसंहितेत 500 पेशी व 900 स्नायू सांगितले आहेत. तेथील पेशी मांसाच्या असून स्नायूंचे कार्य बांधून ठेवण्याचे आहे. मराठीत मात्र ‘पेशी’ हा शरीराचा सूक्ष्म घटक ठरला.

हा घोळ पोटरीच्या रचनेविषयी लिहिताना विशेष बाधतो. कारण तेथील कार्याचा मूळ घटक मांस आणि मज्जातंतू या दोहोंचा मिळून बनतो. लिडेल व शेरिंग्टन यांनी 1925 मध्ये त्यास जे नाव दिले, त्याचा मराठी पर्याय ‘प्रेरक एकक’ असा करता येईल. मज्जारज्जूतील एक चेतापेशी, तिचा लांब तंतू आणि त्याच्या शाखा ज्यांना पोहोचतात ते सर्व स्नायुतंतू मिळून एक एकक होते. चेतापेशीने आज्ञा दिली की हे सर्व तंतू एकदमच आकुंचन पावतात.

पोटरीच्या आतील बाजूच्या गॅस्ट्रोक्नेमियस स्नायूत अशी सुमारे 580 एकके असून प्रत्येकात सरासरी 1,900 तंतू असल्याचे 1955 मधील एका गणनेत आढळले. अंगठा व तर्जनी यांमधील लहान स्नायूत त्याच गणनेनुसार सुमारे 120 एकके व प्रत्येकी 340 तंतू आहेत. म्हणून हाताला नाजूकपणा साधतो, पोटरीला जोर. एका एककाचे तंतू एका जुडीत नसतात; शेजारच्या एककांच्या तंतूंत ते मिसळलेले असतात. तथापि या स्नायूतील एककाचे तंतू त्याच्या संपूर्ण लांबीभर पसरलेले नसून मर्यादित भागात असतात, असे काही अभ्यास दर्शवितात. बळ वाढवावयाचे झाल्यास आधी लहान चेतापेशींची एकके कामाला लागतात, मग मोठ्यांची. हेन्नेमन यांनी मांडलेला हा क्रम आज सामान्यतः मान्य आहे.

तेव्हा असा मजकूर हिंदीतून मराठीत आणताना ‘स्नायु’ व ‘पेशी’ हे तत्सम शब्द जसेच्या तसे उचलले, तर आज्ञा देणारा आणि ती पाळणारा यांची अदलाबदल होईल. भाषाभगिनींतील समान शब्द हा नेहमीच समान अर्थ नव्हे, याचे भान अनुवादकाने ठेवावयास हवे.