जखमी मेंदूच्या राखीव वाटा

मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच चेतातंतूंवरील मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणावर हल्ला करते. नीरा डाव्या कालव्यावरील एखाद्या चारीचे अस्तर उखडले, की पाणी वाटेतच मुरते आणि शेवटच्या शेताला पोहोचत नाही; मेंदूच्या संदेशांचेही तसेच होते. दृष्टी अंधुक होते, पाय जड पडतात, हाताला मुंग्या येतात.

तथापि मेंदू स्वस्थ बसत नाही. उघड्या पडलेल्या तंतूवर सोडियमच्या वाहिन्या नव्याने पसरतात आणि संदेश मंदगतीने का होईना, पुढे सरकतो. काही ठिकाणी पातळसे नवे आवरणही चढते. एमआरआय तपासणीने तर विस्मयकारक गोष्ट दाखवली: नुसती बोटे हलवतानाही रुग्णाच्या मेंदूचा निरोगी माणसापेक्षा अधिक विस्तृत भाग, कधी हलणाऱ्या हाताच्याच बाजूचा गोलार्धसुद्धा, कामाला लागतो. हात तसाच हलतो. श्रम मात्र वाढलेले असतात. रुग्णाच्या थकव्याला आळस म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

शिक्षण व वाचन यांनी संपन्न झालेली बुद्धी या हानीपुढे अधिक तग धरते, असेही संशोधनात आढळले आहे. वसतिगृहाच्या वाचनालयाकडे या दृष्टीनेही पाहता येईल.

मात्र या भरपाईतच धोका आहे. लक्षणे ओसरली की रोग गेला असे वाटते आणि औषध सुटते. आत नवे व्रण पडतच असतात. राखीव वाटा संपल्या, की अपंगत्व एकदम उघडे पडते. म्हणून उपचार आरंभीच सुरू व्हावे लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या विकाराचा समावेश आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेची शाखा पुण्यातही आहे.