पितर म्हणून आलेले नाना

सर्वपित्री अमावस्या. सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव. सेवागिरी महाराजांचं ते साताऱ्याकडचं, हे हिंगोलीचं. दुपार कलत आली आहे आणि चुलीपुढे मामीला बोलायला फुरसत नाही. कढीला फोडणी बसते, वडे तेलात फुगताहेत, तांदळाची खीर केव्हाच उतरली. गवार, भेंडी, कारलं, सगळं थोडं थोडं. परातीत गंगाफळाचा कीस आणि गूळ घालून मळलेली कणीक, घारग्यांची.

अडलंय ते नानांसाठी. नाना या घरातले नव्हेत, पलीकडच्या गल्लीतले. पण आज ते मामांच्या वडिलांच्या जागी जेवणार आहेत. सोयाबीनची काढणी ऐन भरात, त्यामुळे गावात रिकामा म्हातारा सापडणं मुश्कील.

"कामून उशीर केला वो नाना?"

"दोन घरी जेवून आलो माय. आता घासभरच वाढ."

मामा तांब्यातल्या पाण्यानं त्यांचे पाय धुतात, कपाळी गंध लावतात. एरवी पारावर याच नानांशी बांधावरून हुज्जत घालणारे मामा आता मान वर करत नाहीत. निखाऱ्यावर तूप आणि सगळ्या पदार्थांचा घास पडतो. आगारीचा धूर घरभर होतो. एक पान पत्र्यावर जातं. कावळा थेट वड्यावर चोच मारतो.

"बापाला वड्याचाच जीव होता," मामा म्हणतात. कुठलाही कावळा आधी वडाच उचलतो, असं माझं मत. ते मी माझ्यापाशीच ठेवतो.

मेक्सिकोतही मेलेली माणसं अशीच वर्षातून एकदा घरी येतात. १ नोव्हेंबरला लेकरं, २ नोव्हेंबरला मोठी माणसं. त्यांच्या फोटोपुढे पाणी, मीठ, मेणबत्ती, गोड पाव मांडतात आणि झेंडूच्या पाकळ्यांनी वाट आखून देतात. २००८ साली युनेस्कोनं या सणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. झेंडू मूळचा तिकडचाच. इथे तो शेतात डवरलाय, पण मामीच्या लेखी तो दसऱ्याचा. आजोबांच्या फोटोला तगरीचीच फुलं. गंगाफळ, म्हणजे लाल भोपळाही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आला, आणि तिकडे पितरांपुढे तो गुळासारख्या काळ्या साखरेत शिजवून ठेवतात. म्हणजे या घारग्यांची भाऊबंदकी बरीच लांबवर पोचते.

फरक एवढाच, की तिथे फोटोपुढे ताट असतं आणि इथे ताटापुढे जिताजागता माणूस. मला इथली रीत जास्त पटते. फोटो "मीठ कमी पडलं" म्हणत नाही. नाना आत्ताच म्हणाले, आणि मामी हसून मीठ आणायला उठली.

अमावस्येला या बाजूला येणार असाल तर सकाळपासून पोट रिकामं ठेवा. काढणीच्या दिवसांत तुम्हालाही कुणीतरी पितर म्हणून बसवील.