सटवाईचा लेख, नॉर्नचा धागा

बाळाचा पाचवा दिवस आला की बीडकडे बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा धुऊन मांडतात. हळद-कुंकू, कणकेचे दिवे, नैवेद्य आणि शेजारी कोरा कागद नि लेखणी. पूर्वी बोरू नि दौत असे, आता बॉलपेनही चालतो. नशीब लिहिणाऱ्या सटवाई देवीची तक्रार नाही. रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते. दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचं मूल फडावर जन्मलं, तर पाचव्या दिवसाची ही पूजा, म्हणजे पाचवी, कोपीतच, त्या तात्पुरत्या झोपडीतच उरकावी लागते.

तिकडे आइसलँड-नॉर्वेच्या जुन्या कथांत हेच काम नॉर्न नावाच्या देवी करतात. उर्द, वेर्दांदी आणि स्कुल्ड या तिघी प्रमुख. इग्द्रासिल नावाच्या विश्ववृक्षाच्या मुळाशी त्यांची विहीर. तिथलं पाणी नि पांढरी माती त्या रोज झाडाला घालतात, म्हणजे ते कुजत नाही. हेल्गी हा वीर जन्मला त्या रात्री नॉर्न आल्या आणि त्याच्या नशिबाचे सोनेरी धागे आभाळभर ताणून गेल्या. तेराव्या शतकातला आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसन सांगतो, की चांगल्या नॉर्न चांगलं आयुष्य देतात आणि कुणाचं वाईट झालं तर ते वाईट नॉर्नमुळे. आपल्याकडे असा निवाडा होत नाही. ‘दारिद्र्य पाचवीला पुजलंय’ म्हणतात आणि कामाला लागतात. फेरो बेटांवर तर बाळंतिणीच्या पहिल्या जेवणाला नॉर्नची लापशी म्हणत. बाळंतीण, देवी आणि नैवेद्य यांचं नातं तिकडेही आहे.

नॉर्नपुढे देवांचंही चालत नाही. आपला शेवट लांडग्याच्या जबड्यात आहे हे त्यांच्या मुख्य देवाला, ओडिनला, ठाऊक असतं, तरी तो टळत नाही. सटवाईची गोष्ट मात्र याहून तिखट आहे, कारण इथे लेख तिच्या पोटच्या पोरीवरच उलटतो. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1950 साली ‘मॅन’ या इंग्रजी नियतकालिकात ती छापली. आई रोज रात्री जाते कुठे, असं मुलगी विचारते. मग माझ्या कपाळी काय लिहिलंस, म्हणून हट्ट धरते. तू पोटच्या पोराशी लग्न करशील, असं उत्तर येतं. पुरुषाचं तोंडच पाहायचं नाही म्हणून पोरगी रानात जाऊन राहते. एक राजा तिथल्या तळ्यात चूळ भरतो, तेच पाणी ही पिते आणि तिला दिवस जातात. मूल लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ती टाकून देते. पुढे त्याच मुलाशी तिचं लग्न होतं आणि सासरी तो तुकडा सापडतो. ग्रीकांच्या इडिपसने अशा वेळी डोळे फोडून घेतले. ही बाई काही बोलत नाही, संसार करते. मला ती इडिपसपेक्षा जास्त धीराची वाटते.

पण लिहायला आधी कपाळ तरी हवं. 2001 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 894 मुली होत्या. 2011 मध्ये 807 उरल्या. राज्यातला तो नीचांक होता. न जन्मलेल्या मुलींची पाचवी झालीच नाही. त्यांच्यापर्यंत सटवाईच्या आधी सोनोग्राफीचं मशीन पोचलं, आणि तो लेख माणसांनी लिहिला.

सटवाईच्या लेकीची गोष्ट गावोगाव वेगळी सांगतात. या दिवाळीत घरातल्या आजीला ती विचारा, आणि ती सांगेल त्याच शब्दांत उतरवून ठेवा.