चकचकीत काळी पट्टी आणि मऊ फडके

दसऱ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मधल्या सुटीत नववीतला एक विद्यार्थी प्रयोगशाळेत आला. घरी नवी गाडी आली होती. पूजेच्या आधी त्याने सकाळभर खपून ती आतून-बाहेरून पुसली, आणि पूजा झाल्यावर आत सांडलेले हळद-कुंकू व अक्षताही झटकून पुसून घेतल्या. संध्याकाळी ऊन तिरपे झाले तेव्हा गिअरच्या दांड्याभोवतीच्या काळ्या चकचकीत पट्टीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसले. वडील रागावले. "सर, मी तर मऊ फडकंच घेतलं होतं," एवढेच तो म्हणाला.

त्याचे म्हणणे खरे होते. फडके मऊच होते, आणि चरेही त्याच पुसण्याने पडले होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते पाहू. हल्ली बऱ्याच गाड्यांत ही काळी पट्टी असते. पियानोच्या काळ्या रंगावरून तिला 'पियानो ब्लॅक' म्हणतात. तेव्हा हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरचा आहे.

कोणता पदार्थ कोणावर ओरखडा काढतो, हे मोजण्यासाठी फ्रीडरिश मोह्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली काठिण्याची श्रेणी मांडली. तिच्यात सर्वांत मऊ शंखजिरे १ वर आणि हिरा १० वर. आपले नख साधारण अडीच, खिडकीची काच साधारण साडेपाच, आणि वाळूतला गारगोटीचा खडा, म्हणजे क्वार्ट्झ, ७. आता आपल्या वडोद्यात उन्हाळ्यात बाकावर जी धूळ बसते तिच्यात क्वार्ट्झचे कण असतातच. गाडीतली पट्टी मात्र प्लास्टिकची, त्या कणांपुढे अगदीच मऊ. कोरडे फडके अशा धुळीवरून फिरवले की फडक्याखाली सापडलेला प्रत्येक कण छोट्या पटाशीसारखा चालतो. फडके कितीही मऊ असले तरी ओरखडा ते काढत नाही, त्याच्याखालची धूळ काढते. झटकणीनेही तेच होते. उत्तरायणात तर फिरकी खुशाल गिअरजवळ ठेवली जाते. मांजा काचेच्या भुकटीने पाजलेला असतो, आणि त्याच्यापुढे या पट्टीचे काय चालणार?

मग असाच चरा बाजूच्या खरखरीत करड्या डॅशबोर्डवर का दिसत नाही? तिथेही चरे पडतातच. पण खरखरीत पृष्ठभाग प्रकाश आधीच चहूकडे विखुरत असतो, त्यात एका चऱ्याचे विखुरणे कोणाच्या लक्षात येणार? चकचकीत पृष्ठभाग आरशासारखा असतो. त्यावर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्के परावर्तित होतो, उरलेला आत शिरतो आणि काळा रंग तो शोषून घेतो. म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे जवळजवळ काळोख असतो. त्या काळोखात चऱ्याच्या कडेवरून निसटलेला थोडासा प्रकाशही पांढऱ्या रेघेसारखा चमकतो. पांढऱ्या पट्टीवर तेवढाच चरा शोधावा लागला असता.

विद्यार्थ्यांनी घरी एक गंमत करून पाहावी. घासून वापरात असलेले स्टीलचे ताट घ्या आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर टॉर्च धरा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती गोल गोल रेघा दिसतील. टॉर्च सरकवा, वर्तुळेही तिच्याबरोबर सरकतील. खरे तर चरे गोल नसतात, ते सगळ्या दिशांना असतात. पण जे चरे ठिपक्याभोवती आडवे पडलेले असतात तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे पाठवतात, आणि त्यांचे मिळून वर्तुळ भासते. 'गोल पुसू नका, सरळ पुसा' हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. धूळ तशीच असेल तर सरळ पुसूनही चरे पडणारच, फक्त सरळ पडतील.

आता उपाय. आधी चऱ्यावरून नख आडवे फिरवून पाहावे. नख अडकले तर चरा खोल आहे, घरच्या पॉलिशने तो जाणार नाही. अडकले नाही तर आशा आहे.

पॉलिश चरा 'भरत' नाही, हे पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. पॉलिशमधली अतिबारीक भुकटी चऱ्याच्या आजूबाजूचा पृष्ठभागच किंचित झिजवते, आणि तो चऱ्याच्या तळापर्यंत खाली आला की चरा नाहीसा होतो. म्हणजे दर वेळी थोडी पट्टी कमी होते. काही पट्ट्यांवर पारदर्शक लेपाचा पातळ थर असतो, तो संपला की संपला. दर रविवारी पॉलिश करण्याची ही वस्तू नव्हे.

करायचेच असेल तर पट्टी आधी नीट धुळमुक्त करावी, कडेच्या बटणांवर व फटींवर मास्किंग टेप लावावा, आणि शेवटच्या हाताचे बारीक पॉलिश वाटाण्याएवढे फोमच्या तुकड्यावर घ्यावे. प्रथम एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावे. हलक्या हाताने मिनिटभर फिरवावे, स्वच्छ मायक्रोफायबरने टिपावे, टॉर्च लावून बघावे. ड्रिल मशीनला पॅड लावून करण्याचा मोह टाळावा. घर्षणाने प्लास्टिक तापते, मऊ पडते, आणि मग जो डाग पडतो तो चऱ्यापेक्षा वाईट दिसतो. टचस्क्रीनला तर पॉलिश लावूच नये, तिच्यावरचा लेप निघून जातो.

टूथपेस्टचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. तिच्यातही घासणारी भुकटी असते, पण ती दातांसाठी असते. दाताचे कवच प्लास्टिकपेक्षा पुष्कळ कठीण. एक चरा जाऊन दहा धूसर चरे यायचे. खोबरेल तेल लावले की चरे क्षणात दिसेनासे होतात, हेही खरे. खोबरेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४५ आणि अशा प्लास्टिकचा १.५ च्या आसपास, त्यामुळे तेलाने भरलेल्या चऱ्याच्या कडेवर प्रकाश फारसा वळत नाही. पण ही जादू तेल असेपर्यंतच. दोन दिवसांत त्या तेलावर धूळ बसते, मग आपण ती पुसतो, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. स्पिरिट किंवा अमोनिया असलेले काच पुसायचे द्रावणही नको. काही पारदर्शक प्लास्टिकना त्याने बारीक तडे जातात.

खरे काम पुसण्याआधीच असते. धूळ प्रथम न घासता काढावी. हवेच्या फुग्याने उडवावी, किंवा रंगाच्या मऊ, नव्या कोऱ्या ब्रशने अलगद फटीबाहेर आणावी. मग मायक्रोफायबरचे फडके पाण्याने ओलसर करावे. पाणी फडक्यावर घ्यावे, पट्टीवर उडवू नये, नाहीतर ते बटणांत जाते. दाब न देता एकदा फिरवावे, घडी बदलावी, पुन्हा फिरवावे. मायक्रोफायबरचा तंतू इतका बारीक असतो की त्याच्या ९००० मीटर लांबीचे वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. अशा तंतूंच्या दाट लवेत धूळ अडकते आणि पट्टीवर कमी घासली जाते. पण हे फडके जमिनीवर पडले तर धुतल्याशिवाय गाडीला लावू नये. घरातली जुनी बनियन तर नकोच, तिच्या शिवणीही ओरखडतात.

नवीन गाडी असेल तर पहिल्याच आठवड्यात त्या पट्टीवर पारदर्शक फिल्म चिकटवून घेणे उत्तम. चरे फिल्मवर पडतील, आणि ती खराब झाली की काढून दुसरी लावता येईल. चरे आधीच खोल असतील तर त्यावर काळी मॅट फिल्म लावावी, चकाकी जाते आणि डोकेदुखीही. बऱ्याच गाड्यांत ही पट्टी सुटी बदलूनही मिळते.

त्या विद्यार्थ्याची पट्टी आम्ही एका शनिवारी शाळा सुटल्यावर केली. त्याचे वडीलही थांबले होते. अर्ध्या तासात जाळे बहुतेक गेले. दोन चरे राहिले, नख अडकणारे. ते फडक्याने पडणे शक्यच नव्हते. वडिलांनी हातातला किल्ल्यांचा जुडगा, जो ते रोज गिअरपाशी ठेवत असत, गुपचूप खिशात टाकला.