गुडघ्याचा अस्थिसंधिशोथ : अंतःक्षेपणे व पूरके

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत उपास्थी (कूर्चा) झिजल्यामुळे होणाऱ्या विकारास अस्थिसंधिशोथ म्हणतात. उतारवय, स्थूलता, जुनी दुखापत व सांध्यावरील सततचा ताण ही त्याची प्रमुख कारणे होत. मुंबईतील शीव कोळीवाड्याच्या परंपरागत मासळी-व्यवसायात जड पाट्या उचलताना व जमिनीलगत बसून मासळी निवडताना गुडघ्यांवर असा ताण पडतो. वेदना बळावल्यावर सांध्यात अंतःक्षेपण (इंजेक्शन) व सोबत पूरक गोळ्या असा दुहेरी उपाय पुष्कळदा योजतात.

सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याचे अनुभव अमेरिकेत जे. एल. हॉलंडर व सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. स्टेरॉइडामुळे शोथ ओसरून काही आठवडे आराम मिळतो. तथापि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे ट्रायामसिनोलोन दिलेल्या रुग्णांची उपास्थी लवणद्राव दिलेल्यांपेक्षा अधिक झिजली. वेदनेत मात्र फरक आढळला नाही. हायल्युरॉनिक अम्ल हा संधिद्रवाचाच घटक असून त्याच्या अंतःक्षेपणाचा लाभ अल्प असतो.

तोंडाने घ्यावयाचे ग्लुकोसामीन बहुधा कोळंबी व खेकडे यांच्या कवचांतील कायटिनापासून बनवितात. अमेरिकेतील १,५८३ रुग्णांवरील चाचणीत (२००६) ग्लुकोसामीन व काँड्रॉइटीन ही पूरके एकूण रुग्णांत निष्क्रिय गोळीहून सरस ठरली नाहीत. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांच्या चाचणीत (२०१३) सुंठ, गुळवेल इ. वनस्पतींची आयुर्वेदीय औषधे ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब यांच्या तुल्य आढळली. परंतु तुलनेसाठी निष्क्रिय गोळीचा गट तीत नव्हता.

दोन्ही उपाय एकत्र केल्याने गुण दुणावतो, असे सिद्ध झालेले नाही. अंतःक्षेपणाचा परिणाम लवकर दिसतो आणि त्याच काळात चालू असलेल्या गोळ्यांना त्याचे श्रेय मिळते. परिणामी गोळ्यांवरील खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो. स्टेरॉइडामुळे मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा काही दिवस वाढते. सांध्यात जंतुसंसर्ग असल्यास ते टोचत नाहीत. ग्लुकोसामिनामुळे वॉरफारिनाचा रक्त पातळ करण्याचा परिणाम वाढू शकतो. कवचधारी जलचरांची अधिहृषता (ॲलर्जी) असणाऱ्यांनी ते वैद्यांस विचारूनच घ्यावे.

उपचाराचा पाया मांडीच्या स्नायूंचा व्यायाम व वजनघट हाच होय. स्थूल व्यक्तीचे वजन १ किग्रॅ. घटल्यास चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सु. ४ किग्रॅ.ने हलका होतो. अंतःक्षेपणाने वेदना शमलेला काळ या व्यायामासाठी वापरल्यास त्याचा खरा उपयोग होतो. झीज फार झाली असल्यास सांधारोपणाची शस्त्रक्रिया करावी लागते.